लोटा कुणाच्या हातात?

‘जादू’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक करमणुकीचा, दुसरा भीतीचा. यात्रेत गारुडी करतो ती जादू पाहायला पोरेसोरे धावतात. आणि ‘त्या घरावर कुणीतरी जादू केली आहे’ असे कानावर आले, की त्याच मुलांना त्या घराकडे फिरकू दिले जात नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हे दोन्ही अर्थ फार काळ शेजारी नांदत आले. एकीकडे माळेगावची खंडोबाची यात्रा, लातूरची सिद्धेश्वराची यात्रा, तेथील गारुडी आणि बहुरूपी, दुसरीकडे भानामती. पहिल्या अर्थाची विद्या दुसऱ्या अर्थाविरुद्ध कशी वापरली गेली आणि ती शिक्षकांपर्यंत कशी पोचली, याचा हा इतिहास आहे. विज्ञान शिकवणाऱ्याने जादूचे चार प्रयोग का शिकावेत, याचे उत्तरही त्यातच मिळते.

यात्रेतील शाळा

लोहा तालुक्यातील माळेगावची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे आणि उंट यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. अशा यात्रा हे भटक्या कलावंतांचे हक्काचे ठिकाण. गारुड्याचा खेळ पूर्वीपासून सर्वांच्या ओळखीचा असे: डमरू, झोळी, एक जमुरा, वाट्यांखालून नाहीसे होणारे गोळे, टोपलीतला मुलगा, मातीतून उगवणारे आंब्याचे रोप. मराठवाड्याच्याच पैठणच्या संत एकनाथांनी सोळाव्या शतकात जी भारुडे रचली, त्यांत इतर लोककलावंतांबरोबर गारुडीही येतो. श्रोत्यांना तो चांगलाच ठाऊक होता म्हणूनच तो रूपक म्हणून चालला.

गारुड्याचे शिक्षण घरातच होई. जमुरा हा बहुधा मुलगा किंवा पुतण्या. तो आधी प्रश्नोत्तरे पाठ करी, मग गर्दी कशी जमवायची ते शिके, आणि त्यानंतर त्याच्या हातात गोळा येई. या शाळेत पुस्तक नव्हते. गुपित हेच भांडवल असल्यामुळे ते घराबाहेर जाऊ द्यायचे नाही, हा पहिला नियम होता. मात्र एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. हा माणूस खेळ संपल्यावर पोटावर हात मारून सांगत असे की, बाबांनो, ही सारी हाताची सफाई, पोटासाठी केलेला खेळ आहे. तो स्वतःला देव म्हणवून घेत नव्हता.

त्याच्या खेळाला तत्त्वज्ञांनीही उदाहरण म्हणून वापरले आहे. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढणारा मायावी आणि खरोखर जमिनीवरच उभा असलेला मायावी, असा दृष्टान्त येतो. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता आपल्या दौलताबादलाही येऊन गेला होता. त्याने पुढे चीनमधील हांगचौ येथे असाच एक खेळ पाहिला आणि तो पार घाबरून गेला. तेव्हा शेजारी बसलेल्या काझीने त्याला समजावले, की वर चढणे नाही, खाली पडणे नाही, सगळी हातचलाखी आहे. म्हणजे डोळ्यांना दिसते ते आणि प्रत्यक्ष घडते ते वेगळे असू शकते, हा धडा गारुडी फार पूर्वीपासून देत आला आहे.

न आटणारा लोटा

गारुड्याच्या झोळीतील एकच वस्तू आपण जवळून पाहू. एक साधा दिसणारा लोटा. गारुडी तो उपडा करून सगळे पाणी ओतून टाकतो. थोड्या वेळाने तोच लोटा पुन्हा उचलतो, पुन्हा पाणी! खेळ चालू असताना असे पाच-सहा वेळा होते.

या लोट्याला दोन भिंती असतात. आतील आणि बाहेरील भिंतीच्या मधल्या पोकळीत पाणी भरलेले असते. तळाशी एका लहान छिद्राने ही पोकळी आतील भागाशी जोडलेली असते आणि गळ्यापाशी दुसरे बारीक छिद्र असते. गळ्याच्या छिद्रावर अंगठा दाबून धरला की पोकळीत बाहेरची हवा शिरू शकत नाही, म्हणून तळाच्या छिद्रातून पाणी आत येत नाही. लोटा खाली ठेवताना अंगठा उचलला की हवा आत शिरते आणि पाणी आतील भागात उतरते. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत उतरतच राहते. सारा खेळ अंगठ्याचा आणि हवेच्या दाबाचा आहे.

हे तत्त्व प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने हवेच्या यंत्रांवर ग्रंथ लिहिला. त्यात छिद्रावर बोट ठेवून किंवा उचलून एकाच भांड्यातून कधी पाणी, तर कधी मद्य ओतण्याची रचना दिली आहे. हवेला दाब असतो हे टोरिचेलीने पाऱ्याच्या नळीने दाखवले ते १६४३-४४ च्या सुमारास. आपला लोटा पुढे युरोप-अमेरिकेच्या रंगमंचावर ‘हिंदुस्थानचे पाणी’ या नावाने गाजला. प्रोतुलचंद्र सरकार (१९१३–१९७१), म्हणजे जगप्रसिद्ध पी. सी. सरकार, यांच्या कार्यक्रमातही तो असे.

आता एक प्रश्न विचारून ठेवू. हाच लोटा गारुड्याच्या हातात असला तर खेळ होतो. एखाद्या बाबाच्या हातात असला तर? आणि शिक्षकाच्या हातात असला तर?

गुपित छापले जाते

घराण्यात बंद असलेली ही विद्या पुस्तकात कशी आली, याची गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. १५८४ मध्ये इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या रेजिनाल्ड स्कॉट या गृहस्थाने एक जाडजूड ग्रंथ छापला. त्या काळी युरोपात चेटकीण ठरवून माणसांना, विशेषतः गरीब आणि वृद्ध स्त्रियांना, ठार मारले जात होते. स्कॉटचे म्हणणे असे, की ज्याला लोक चेटूक म्हणतात त्यातले बरेचसे एक तर भ्रम असते, नाही तर फसवणूक. हे पटवण्यासाठी त्याने नाणी, गोळे आणि पत्ते यांच्या हातचलाखीची, दंडातून सुरी आरपार गेल्याचे भासवण्याची, इतकेच काय पण मुंडके कापल्याचे दाखवण्याची रीत आकृत्यांसह दिली. लंडनमधील एका फ्रेंच हातचलाखी करणाऱ्याचे कसब त्याने कौतुकाने नोंदवले आहे. इंग्रजीत जादूचे प्रयोग उलगडून सांगणारे हे अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक. ते करमणुकीसाठी लिहिलेले नव्हते. निरपराध माणसांचे प्राण वाचावेत म्हणून लिहिलेले होते.

पुढे १८७६ मध्ये ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावाने एका इंग्रज वकिलाने नवशिक्यांसाठी जादूची पद्धतशीर पाठ्यपुस्तके लिहायला सुरुवात केली. त्यामुळे घराण्यात न जन्मलेल्या माणसालाही जादू शिकता येऊ लागली. महाराष्ट्रात रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) म्हणजे जादूगार रघुवीर यांनी रस्त्यावर खेळ करणाऱ्या राजस्थानी जादूगाराकडून सुरुवातीचे धडे घेतले आणि ही कला मध्यमवर्गीय नाट्यगृहात नेली. त्यांच्या ‘प्रवासी जादूगार’ या पुस्तकामुळे हा व्यवसाय अनेक मराठी वाचकांना आतून दिसला. रस्त्यावरची विद्या अशी रंगमंचावर आली. पण खेड्यातल्या भीतीला तिचा अजून उपयोग झाला नव्हता.

भानामतीचा मुलूख

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. शेजारच्या तेलंगणात जिला ‘बाणामती’ म्हणतात, तीच आपल्याकडील भानामती. प्रकार ठरावीक असतात. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अन्नात घाण सापडते, अंगावर फुल्या किंवा काळे डाग उमटतात, एखादी बाई भुंकल्यासारखे आवाज काढू लागते. मग मांत्रिक येतो, पैसे जातात आणि शेवटी ‘हे कुणी केले’ म्हणून गावातल्या कुणाकडे तरी बोट दाखवले जाते. बोट बहुधा दुबळ्याकडेच जाते. मंत्र उच्चारता येऊ नये म्हणून संशयिताचे दात पाडण्याचे क्रूर प्रकार तेलंगणात घडलेले आहेत. जादूचा दुसरा अर्थ असा जिवावर बेततो.

यातील प्रत्येक घटनेला साधे कारण शोधता येते. अंगावरच्या डागांचे उदाहरण घ्या. बिब्बा आपल्या घराघरांत असतो. परीट त्याच्या रसाने कपड्यांवर न निघणाऱ्या खुणा करीत. तोच रस कातडीला लागला तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फोड येतात आणि काळा डाग पडतो. रस लावण्याची वेळ आणि डाग दिसण्याची वेळ यांत अंतर पडल्यामुळे ‘कुणी हात लावला नाही, आपोआप उमटले’ असे सर्वांना प्रामाणिकपणे वाटते. कपडे पेटण्यामागे हवेत आपोआप पेट घेणारा पिवळा फॉस्फरस असू शकतो; अनेकदा तर नुसती काडेपेटी पुरते. हे करणारी व्यक्ती पुष्कळ वेळा घरातलीच असते आणि ती मनाच्या ताणाखाली पिचलेली असते. तिला शिक्षेची नव्हे, उपचाराची आणि आधाराची गरज असते, हे या कामातील कार्यकर्त्यांनी वारंवार सांगितले आहे.

येथे जादूगाराची दृष्टी उपयोगी पडते. ‘हे कसे शक्य आहे?’ असे न विचारता तो विचारतो, ‘मला हे करायचे असते तर मी कोणत्या क्षणी केले असते?’ हैदराबादचे जादूगार आणि मानसशास्त्रज्ञ बी. व्ही. पट्टाभिराम यांनी बाणामतीविरुद्धच्या प्रबोधनात भाग घेतला, तो याच दृष्टीने.

चमत्कार करून दाखवणारे

आपल्या उपखंडात या मार्गाचा पाया घालणारा माणूस शिक्षक होता, हे आपण अभिमानाने सांगावे. केरळात जन्मलेले अब्राहम कोवूर (१८९८–१९७८) श्रीलंकेत वनस्पतिशास्त्र शिकवीत. निवृत्तीनंतर, १९६३ मध्ये, त्यांनी आव्हान जाहीर केले: फसवणुकीला वाव नसलेल्या परिस्थितीत ठरावीक चमत्कारांपैकी एक जरी कुणी करून दाखवला, तर एक लाख रुपये बक्षीस. बक्षीस कुणालाही मिळाले नाही. त्यांचा वारसा कोइमतूरजवळच्या पोदनूरचे बी. प्रेमानंद (१९३०–२००९) यांनी चालवला. त्यांनी बाबा लोकांचे प्रयोग स्वतः शिकून घेतले, गावोगावी करून दाखवले आणि शेकडो कार्यकर्त्यांना शिकवले. हवेतून काढलेली विभूती म्हणजे पेजेत मळून वाळवलेली राखेची गोळी असते. ती अंगठ्याच्या बेचक्यात लपवून ऐन वेळी चुरडली जाते, हे त्यांच्या प्रयोगांमुळे सर्वांना ठाऊक झाले.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून ५१-क कलमात आले. २ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर १९८७ या काळात भारत जन विज्ञान जथा देशभर फिरला आणि भोपाळला त्याचा समारोप झाला. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. तिच्या शाखा लातूर, नांदेडलाही निघाल्या. लातूरचे माधव बावगे यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे राज्य पातळीवरील जबाबदारीपर्यंत पोचले. ‘चमत्कार सादरीकरण’ हा या चळवळीचा हुकमी कार्यक्रम ठरला. जळता कापूर जिभेवर ठेवणे, लिंबातून ‘रक्त’ काढणे, नारळातून करणी काढणे हे सारे करून दाखवायचे, आणि लगेच त्याचे कारण सांगायचे.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी बातमी पसरली, तेव्हा वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीवरून खाली ओघळताना दाखवले. पृष्ठताणाचा एवढा मोठा जाहीर पाठ दुसरा झाला नसेल. या कामाची किंमतही मोजावी लागली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणे, ठकवणे किंवा त्यांच्यावर दहशत बसवणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. कायद्याचा रोख हातचलाखीवर नाही, फसवणुकीवर आहे, हे मुलांना समजावून सांगावे.

विद्वानही फसतात

‘विज्ञान शिकलो की आपण फसणार नाही’ असे वाटत असेल, तर एक घटना लक्षात ठेवावी. १९७९ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथील विद्यापीठात पीटर फिलिप्स या भौतिकीच्या प्राध्यापकाने अतींद्रिय शक्तींच्या संशोधनासाठी पाच लाख डॉलरच्या देणगीतून प्रयोगशाळा सुरू केली. तेथे नुसत्या मनोबलाने चमचे वाकवणारे दोन तरुण आले आणि बराच काळ संशोधकांना चकित करीत राहिले. प्रत्यक्षात ते जेम्स रँडी या जादूगाराने पाठवलेले नवशिके जादूगार होते. फसवणूक टाळण्यासाठी काय काळजी घ्यावी, हे रँडीने प्रयोगशाळेला आधीच लिहून कळवले होते. तिकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. १९८३ मध्ये हे प्रकरण त्याने जाहीर केले.

निसर्ग मुद्दाम लबाडी करीत नाही, म्हणून वैज्ञानिकाला लबाडी ओळखायची सवय नसते. शिवाय आपले लक्ष एका वेळी थोडेच पाहू शकते. १९९९ मध्ये सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चेंडूफेकीची चित्रफीत दाखवून फेकी मोजायला सांगितल्या. मध्येच गोरिलाच्या वेषातील व्यक्ती छाती बडवून निघून गेली. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! गारुड्याच्या ‘नजरबंदी’चे रहस्य हेच. तो नजर बांधत नाही, लक्ष दुसरीकडे वळवतो.

नवशिक्या शिक्षकासाठी

सुरुवातीला तीनच प्रयोग निवडावेत आणि ते पक्के करावेत.

पहिला, नाण्याचा. आरशासमोर उभे राहून नाणे उजव्या हातातून डाव्या हातात खरोखर वीस-पंचवीस वेळा द्यावे आणि आपले हात व डोळे कसे हलतात ते पाहावे. मग नाणे उजव्या हातातच ठेवून तीच हालचाल करावी. नजर रिकाम्या डाव्या हाताकडे गेली पाहिजे. आपण जिकडे पाहतो तिकडे वर्ग पाहतो.

दुसरा, लोट्याचा. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ बारीक भोक पाडावे, पाणी भरून झाकण घट्ट लावावे, धार थांबते. झाकण सैल केले की धार सुरू. ‘थांब’, ‘वाहा’ अशी आज्ञा देत हा प्रयोग करता येतो.

तिसरा, रंगाचा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या पांढऱ्या कापडावर चुन्याची निवळी शिंपडली की लाल डाग पडतात; लिंबू पिळले की ते पुन्हा पिवळे होतात. सुरीच्या पात्यावर जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवल्या आणि त्या सुरीने लिंबू कापले, तर ‘रक्त’ येते. चुना डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. सोडियम, पाऱ्याचे क्षार, फॉस्फरस यांचे प्रयोग शाळेत करूच नयेत, आणि आगीचे प्रयोग मुलांच्या हाती देऊ नयेत.

जादूगारांचे तीन जुने नियम आहेत: काय होणार ते आधी सांगू नका, तोच प्रयोग त्याच प्रेक्षकांपुढे पुन्हा करू नका, आणि गुपित फोडू नका. शिक्षकाने पहिला पाळावा आणि उरलेले दोन मोडावेत. प्रयोग एकदा झाला की तो पुन्हा करावा, तिसऱ्यांदा मुलांनी सांगितलेल्या अटीवर करावा: ‘सर, झाकणाला हात न लावता थांबवा’, ‘बाई, दुसरी बाटली घ्या’. तर्क फळ्यावर लिहून घ्यावेत आणि एकेक तपासून खोडावेत. उत्तर शक्यतो मुलांनीच काढावे. मग बाटली त्यांच्या हातात द्यावी.

मघाच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. गारुडी लोटा कुणाच्या हाती देत नाही, पण हा खेळ आहे असे सांगतो. बाबाही तो कुणाच्या हाती देत नाही, आणि ही आपली शक्ती आहे असे सांगतो. शिक्षक तो लोटा मुलांच्या हाती देतो. भौतिकी तिन्ही ठिकाणी एकच आहे. फरक पडतो तो तपासण्याच्या हक्काने.

हे करताना गारुड्याची टिंगल होऊ देऊ नये. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘गारुडी’ ही नोंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप बाळगणे बंद झाले, ते योग्यच. पण त्याबरोबर अनेक कुटुंबांची रोजी गेली. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत तर सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, खेळ करून पैसे मागणेही भीक मागण्यात धरले गेले. चमत्कार करून फसवणाऱ्याला मठ मिळाला आणि खेळ आहे असे प्रामाणिकपणे सांगणारा मात्र भिकारी ठरला. आपल्या गावाजवळच्या वस्तीवर असा जुना कलावंत असेल, तर २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला त्याला मानाने शाळेत बोलवावे, योग्य मानधन द्यावे आणि मुलांना त्याचे हात जवळून पाहू द्यावेत. त्याला गुपित विचारू नये. त्याच्या खेळानंतर बाटली, हळद आणि चुना घेऊन आपला तास सुरू करावा.